वीतभर फळीवरचा बर्फ

चित्राचे मोठेपण आकारावर जोखायची सवय आपल्या अंगवळणी पडली आहे. दालनात शिरले की नजर आधी भिंतभर कॅनव्हासकडे जाते, आणि लहान चित्रांची बोळवण ‘अभ्यासचित्रे’ म्हणून कोपऱ्यात होते. ही सवय किती फसवी आहे, हे टॉम थॉमसन (१८७७–१९१७) या कॅनेडियन चित्रकाराच्या बर्फाच्या चित्रांवरून उमगते. मुख्यतः ऑन्टारिओमधल्या अल्गोंक्विन पार्कच्या जंगलात आणि तळ्याकाठी हिंडत त्याने लाकडी फळ्यांवर सुमारे ४०० छोटी तैलचित्रे रंगवली. फळी साधारण २१ बाय २६ सेंटिमीटरची, म्हणजे उंचीला जेमतेम वीतभर. मोठे कॅनव्हास झाले सुमारे ५०. तरी त्याची ओळख सांगताना बहुधा ‘द जॅक पाइन’ आणि ‘द वेस्ट विंड’ हे कॅनव्हासच पुढे केले जातात. बर्फापुरते बोलायचे, तर त्या छोट्या फळ्यांना कच्चे काम समजणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. बर्फाचे खरे चित्र उभे राहते ते त्यांच्यावरच, आणि त्याचे मोठे श्रेय त्यांच्या लहान आकाराला जाते.

याचे कारण बर्फाच्या स्वभावात आहे. ताजा बर्फ पडलेल्या प्रकाशातला बहुतांश परत फेकतो, त्यामुळे त्याला स्वतःचा असा रंग जवळपास उरतच नाही. आभाळ जसे, तसा तो दिसतो. ऊन थेट पडते तिथे तो पिवळसर, आणि सावलीत निळा किंवा जांभळा, कारण सावलीपर्यंत फक्त निळ्या आभाळाचा उजेड पोहोचतो. ढग आला की हे सगळे नाते क्षणात मोडते. त्यातून थॉमसनच्या वाट्याला आलेला बर्फ आणखी चंचल होता. ऐन हिवाळ्यात तो बहुधा टोरांटोला स्टुडिओत काम करी. जंगलात त्याला भेटे तो शरदाच्या अखेरीचा पहिला बर्फ, नाहीतर मार्च-एप्रिलमधला विरघळू लागलेला. असे दृश्य टिकेल तेवढ्या वेळात पुरे होईल, एवढीच फळी हाताशी हवी. मोठा कॅनव्हास सुरू केला, तर वरचे आभाळ एका प्रहराचे आणि खालचा बर्फ दुसऱ्या प्रहराचा होतो. वीतभर फळीवर मात्र सगळे रंग एकाच उजेडाला साक्षी असतात.

जलरंगातल्या निसर्गचित्रणाची मोठी परंपरा असलेल्या महाराष्ट्रात इथे एक फरक सहज लक्षात येईल. जलरंगात बर्फ दाखवायचा, तर कागद कोरा सोडता येतो. गोठणाऱ्या थंडीत मात्र कुंचल्यातले पाणीच गोठते. जवसाच्या तेलातले रंग त्या थंडीत घट्ट होतात, पण काम चालू राहते. शिवाय तैलरंगात कोऱ्या कागदाची सवलत नाही. प्रत्येक ठिकाणचा पांढरा किती निळा, किती गुलाबी, किती मळका, हे ठरवून पॅलेटवर कालवावा लागतो. थॉमसनच्या फळ्या जवळून पाहिल्या, तर कुंचल्याच्या जाड फटकाऱ्यांमधून कित्येक ठिकाणी उघडे लाकूड दिसते. त्या उबदार तपकिरीच्या शेजारी निळसर सावली अधिक थंड भासते, आणि बर्फातून डोकावणाऱ्या झुडपांचे काम ते लाकूडच करते. एवढ्याशा जागेत एकेक फांदी रंगवणे शक्यच नसते. काय गाळायचे याचा निर्णय जागेवरच घ्यावा लागतो. हे निर्णय हीच तर चित्रकला.

यावर पहिला आक्षेप असा, की थॉमसन स्वतःच फळ्यांवरून कॅनव्हास करी, मग फळी म्हणजे कच्चा मसुदाच नव्हे का? ‘द जॅक पाइन’ खरोखरच १९१६च्या एका छोट्या स्केचवरून टोरांटोत रंगवले गेले. त्या कॅनव्हासमधली रेषांची शिस्त आणि आभाळाचे शांत आडवे पट्टे फळीवर साधले नसते, हे मान्यच करायला हवे. पण तो लाभ रचनेचा आहे. कॅनव्हास विचार करून उभा राहतो, तर फळी पाहता पाहता घडते, आणि क्षणोक्षणी बदलणाऱ्या बर्फाला दुसरी रीतच अधिक मानवते. शिवाय ४०० फळ्यांपैकी बहुतेकींचे कॅनव्हास कधी झालेच नाहीत. १९१७च्या वसंतात, बर्फ विरघळण्याच्या दिवसांत, त्याने रोज एक याप्रमाणे बदलत्या हवेची मालिका केल्याचे सांगितले जाते. मसुदेच करायचे असते, तर एवढ्या सातत्याने दिवसामागून दिवस टिपायची गरज काय होती?

दुसरा आक्षेप कॅमेऱ्याचा. क्षणच पकडायचा, तर फोटो पुरेसा नाही का? कॅमेऱ्याचा प्रकाशमापक दृश्य मध्यम करड्या छटेशी जुळवू पाहतो, म्हणून भर उन्हातला बर्फ फोटोत अनेकदा मळकट उतरतो. तो दोष सुधारता येतो हे खरे. पण कोणती सावली बोलकी आणि कोणती गाळण्याजोगी, हे माणसानेच ठरवायचे असते. तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे: मोठ्या भिंतीवर लहान चित्र हरवते. हा दोष चित्राचा नाही, मांडणीचा आहे. लहान चित्रांना डोळ्यांच्या उंचीवर, पुरेशी मोकळी जागा आणि चांगला उजेड देऊन लावले, तर प्रेक्षक आपोआप दोन पावले पुढे येतो आणि अधिक वेळ थांबतो.

म्हणून दालनांनी आणि स्पर्धांच्या परीक्षकांनी लहान तैलचित्राकडे मोठ्याची पूर्वतयारी म्हणून पाहणे सोडले पाहिजे. कलाशिक्षकांनीही विद्यार्थ्याला ‘आता हेच मोठे कर’ असे सांगण्याआधी, मोठे केल्याने त्यात नेमके काय वाढेल, हे विचारायला हवे. त्याचे ठोस उत्तर मिळत नसेल, तर ते चित्र आहे तेवढ्याच आकारात पुरे झाले आहे, असे खुशाल समजावे.