राजवाड्यांवरील तीन आक्षेप

पेण तालुक्यातील वरसई हे विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे जन्मगाव खालापूरच्या शेजारमुलखातले; पण १८६३ साली तिथे जन्मलेल्या आणि १९२६ च्या अखेरच्या दिवशी दिवंगत झालेल्या या संशोधकाचे नाव पातळगंगेच्या आणि उल्हासच्या खोऱ्यांत आज निघते ते बहुधा आदराने नव्हे, तर किंचित अवघडलेल्या सुरात. कर्जत-खालापूरचा इतिहास लिहू पाहणाऱ्या उत्साही मंडळींकडून आणि काही विद्वानांकडूनही त्यांच्यावर तीन आक्षेप घेतले जातात: राजवाडे हे कागद जमवणारे होते, इतिहासकार नव्हते, त्यांचे सिद्धान्त पूर्वग्रहदूषित होते, म्हणून त्यांची पद्धतही संशयास्पद आहे, आणि तिसरा, सर्वांत वजनदार, असा की ज्या डोंगरी मुलखातील बहुसंख्य माणसांनी कधी कागद लिहिला नाही आणि ज्यांचे नाव कधी कागदावर आले नाही, त्यांच्या इतिहासाला कागदाचा आग्रह धरणारा मनुष्य निरुपयोगी आहे. या आक्षेपांत सत्यांश नसता, तर त्यांची दखल घेण्याचे कारण नव्हते. पहिल्यात तो थोडा आहे, दुसऱ्यात बराच आहे आणि तिसऱ्यात इतका आहे की राजवाड्यांच्या कैवाऱ्याने तो आधीच मान्य करून टाकावा. मात्र या तिन्हींवरून राजवाड्यांची पद्धत मोडीत काढावी असे जे अनुमान काढले जाते, ते आक्षेपांतून निष्पन्न होत नाही, एवढेच मला येथे दाखवायचे आहे.

पहिला आक्षेप घेऊ. ग्रँट डफने १८२६ साली मराठ्यांचा सलग इतिहास तीन भागांत प्रसिद्ध केला, न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली मराठी सत्तेच्या उत्कर्षाची मीमांसा इंग्रजीत मांडली, गोविंद सखाराम सरदेसायांनी रियासतींची मालिका उभी केली. राजवाड्यांनी मात्र १८९८ पासून जे बावीस खंड काढले, ते ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावाने, म्हणजे साधनांचे, आणि सलग इतिहास असा त्यांनी लिहिलाच नाही, ही वस्तुस्थिती आहे. पण यावरून ते संग्राहक ठरतात असे म्हणणाऱ्याने मोडी पत्रांचा एखादा रुमाल सोडून बसण्याचा प्रसंग स्वतःवर एकदा आणावा. पेशवाईतील पत्रावर पुष्कळदा चांद्रमासाची तारीख तेवढी असते. सन असलाच, तर तो ‘इहिदे सितैन मया व अलफ’ अशा अरबी संख्याशब्दांत असतो, म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार मिळून ११६१. आणि हा सुहूर सन मृगाच्या सुमारास बदलत असल्यामुळे १७६० च्या पावसाळ्यातील उदगीरनंतरचा आशावाद आणि १४ जानेवारी १७६१ च्या पानपतानंतरचा आकांत ही दोन्ही एकाच सनाच्या पोटात पडतात. ज्या पत्रावर सनही नाही, ते कोणी, कोणाला, कोठून आणि कोणत्या घटनेच्या आधी लिहिले हे ठरविण्यासाठी त्या काळातील माणसे, मोहिमा, मुक्काम आणि मनसुबे ज्याच्या डोक्यात एकत्र नांदत आहेत, त्यालाच ते पत्र योग्य जागी लावता येते. आणि हे काम इतिहासकाराचे नसेल, तर इतिहासकाराचे काम कोणते, हे आक्षेपकांनीच सांगावे. शिवाय राजवाड्यांनी नुसती पत्रे लावली नाहीत. शिवकालीन पत्रांना जोडलेल्या प्रस्तावनेत त्यांनी १६२८, १६७७ आणि १७२८ या सालांतील लेखांतले शब्द मोजून, आरंभी फारशीने व्यापलेली मराठी शंभर वर्षांत कशी मोकळी झाली, हे मांडले. राजकीय स्थित्यंतर भाषेच्या आकड्यांत वाचण्याची ही दृष्टी अडगळ सांभाळणाऱ्या मनुष्याची नव्हे.

येथे रशियाकडे पाहणे उद्बोधक ठरेल, कारण इतिहासाची साधने शोधण्याचे आणि त्यांवरून इतिहास रचण्याचे काम तेथे एकोणिसाव्या शतकात वेगवेगळ्या हातांनी झाले. पावेल स्त्रोयेव या संशोधकाने १८२९ ते १८३४ या वर्षांत विज्ञान अकादमीच्या आश्रयाने मठामठांतून हिंडून जुने लेख हुडकले आणि त्यांच्या प्रकाशनासाठी १८३४ साली सरकारी आयोग नेमला गेला; पुढे सेर्गेई सोलोव्योव मॉस्को विद्यापीठाच्या अध्यासनावरून १८५१ पासून जवळजवळ दरसाल एक याप्रमाणे रशियाच्या इतिहासाचे २९ खंड देऊ शकला. महाराष्ट्रात अशी अकादमी नव्हती, आयोग नव्हता, अध्यासनही नव्हते. पुण्याचे पेशवे दप्तर सरकारी कुलपात होते. सरदेसायांच्या संपादनाखाली त्यातील निवडक कागदांचे ४५ भाग १९३० ते १९३४ या काळात बाहेर पडले, तोवर राजवाडे हयात नव्हते. तरुणपणीच पत्नी वारल्यावर पुन्हा संसार न मांडता, हाताने रांधून खात, गावोगावच्या वाड्यांतील माळ्यांवरून आणि देवघरांतून त्यांनी कागद मिळवले, आणि १९१० साली खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्यासह भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन करून ते काम एका आयुष्यापलीकडे चालेल अशी तजवीज केली. स्त्रोयेवचे काम एकट्याने करीत असलेल्या मनुष्याला तू सोलोव्योव का झाला नाहीस असे विचारणे म्हणजे विहीर खणणाऱ्याला पाणी भरून का दिले नाहीस म्हणून दटावण्यासारखे आहे.

दुसरा आक्षेप राजवाड्यांच्या मतांविषयीचा आहे, आणि त्याच्या खंडनाचा प्रयत्न मी करणार नाही, कारण तो बव्हंशी खरा आहे. जातिसंस्थेविषयीची त्यांची विधाने, ज्ञातींच्या उच्चनीचतेचे त्यांनी केलेले निवाडे आणि एकदा काढलेल्या अनुमानाला निसर्गनियमाचे स्वरूप देण्याची त्यांची हौस यांचे समर्थन आज कोणीही करू नये. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंविषयीच्या त्यांच्या लेखनाला पनवेलला जन्मलेल्या केशव सीताराम ठाकरे यांनी १९१८ साली ‘कोदंडाचा टणत्कार’ या पुस्तकाने जे उत्तर दिले, ते मराठीतील वादवाङ्मयात अजून गाजते आहे. पेण आणि पनवेल हे खालापूरला लागून असलेले दोन तालुके; त्या दोन तालुक्यांतील दोन लेखकांत झालेला हा वाद या भूमीला लाजिरवाणा नसून भूषणावह आहे असे मी मानतो, कारण उत्तराची भाषा कितीही दाहक असली, तरी वाद रंगला तो इतिहासाच्या दाखल्यांवर. राजवाड्यांचा निवाडा नाकारायचा, तर दाखला पुढे आणला पाहिजे, हा दंडक राजवाड्यांनीच घालून दिलेला होता. तेव्हा त्यांचा पराभव झाला असेल तेथेही त्यांच्या पद्धतीचा जय झालेला आहे.

पद्धत आणि मत यांचे भवितव्य भिन्न असते याचा एक दाखला असा आहे की, त्याचा संबंध याच मुलखाशी पोहोचतो. निकोलाय करमझिन याला १८०३ साली झारने राजइतिहासकार नेमले. अनियंत्रित राजसत्तेतच रशियाचे कल्याण आहे हे त्याच्या बारा खंडांचे तात्पर्य पुढील पिढ्यांनी अमान्य केले. पण त्याच करमझिनला त्रोइत्स्की मठाच्या ग्रंथसंग्रहात अफानासी निकितिन या त्वेर नगरीच्या व्यापाऱ्याचे प्रवासवर्णन आढळले; पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात चौल बंदरी उतरून, तेथून पालीस आठ दिवसांत आणि पालीहून उमरीस दहा दिवसांत गेल्याचे नमूद करीत हा मनुष्य जुन्नरला पोहोचला होता. ही पाली सुधागडातील धरली, तर वास्को द गामापूर्वी सुमारे पाव शतक एक रशियन सौदागर खालापूरच्या सीमेलगतच सह्याद्रीकडे वळला असे होते. करमझिनचा राजनिष्ठ सिद्धान्त गेला. त्याने उजेडात आणलेली ती मोजकी पाने मात्र आमच्या घाटवाटांच्या अभ्यासकालाही सोडता येत नाहीत.

आता तिसरा आक्षेप. भोर घाटाचा लोहमार्ग १८५६ ते १८६३ या काळात बांधला गेला. त्याच्या कंत्राटाच्या कागदांत सॉलोमन ट्रेडवेलचे नाव आहे, १८५९ साली तो येथे येताच वारला आणि त्याची पत्नी अॅलिस हिने कंत्राट पुढे चालवले याची नोंद आहे. कामाच्या ऐन भरात ४०,००० हून अधिक माणसे घाटात राबत होती हा आकडादेखील आहे. त्या माणसांची नावे मात्र नाहीत. ठाकूर आणि कातकरी यांची गोष्ट याहून निराळी नाही: दप्तरात ते आले, तर वेठीच्या, जंगलाच्या किंवा गुन्ह्याच्या सदरात आले, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेल्या फिर्यादीतील आरोपी म्हणून. कागद वतनदाराचा असतो, आणि केवळ कागदाचा इतिहास हा वतनदारांचा इतिहास होतो, हे म्हणणे शंभर टक्के खरे आहे.

पण यावरचा उपाय म्हणून जे सुचविले जाते, म्हणजे कागदाची शिस्तच सोडून ऐकीव गोष्टीला प्रमाण मानावे, त्याने या मूक माणसांना न्याय मिळत नाही. कारण ऐकीव गोष्टसुद्धा बहुधा ज्याचा आवाज मोठा त्याचीच टिकते. सोलोव्योवचा शिष्य आणि मॉस्कोच्या अध्यासनावरील त्याचा उत्तराधिकारी वासिली क्लुचेव्स्की याच्यापुढे हाच पेच होता. खेड्यातल्या गरीब धर्मोपदेशकाचा हा मुलगा ईशान्य रशियातील रानांत वसाहत करणाऱ्या सामान्य माणसांचा माग संतचरित्रांतून काढावयास निघाला, आणि १८७१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात त्याला सांगावे लागले की ही चरित्रे ठराविक साच्याची असून इतिहासाचे साधन म्हणून अपेक्षेहून फार तोकडी आहेत. तरी त्याने सामान्य माणसाचा नाद सोडला नाही. साधनाची मर्यादा ओळखून तो दुसऱ्या साधनांकडे वळला, आणि स्वतःच्याच भूमीवर पसरत जाणाऱ्या लोकांचा इतिहास हे रशियन इतिहासाचे सूत्र त्याने पुढे प्रस्थापित केले. राजवाड्यांचा बखरींशी व्यवहार तंतोतंत असाच आहे. पहिल्याच खंडात बखरींच्या विश्वसनीयतेवर घणाघात करणाऱ्या याच मनुष्याने १९२४ साली उत्तर कोकणाविषयीची ‘महिकावतीची बखर’ स्वतः संपादून काढली, तिच्यातील निरनिराळ्या काळी निरनिराळ्या हातांनी लिहिलेली प्रकरणे वेगळी केली आणि विस्तृत प्रस्तावनेत तिच्यावरून कोकणच्या वस्तीचा आणि समाजाचा विचार केला. बखर त्याज्य आहे असे त्यांनी म्हटले नव्हते; ती तपासल्यावाचून घेऊ नये असे म्हटले होते. आणि साधन म्हणजे केवळ कागद, अशी त्यांची समजूत नव्हती: ताम्रपट, शिलालेख, गावांची नावे, आडनावे, बोली या सर्वांना त्यांनी साक्षीला बोलावले. त्या अर्थाने कर्जत तालुक्यात राजमाचीच्या पायथ्याशी कोंढाण्याच्या लेण्यात ब्राह्मी अक्षरांत कोरलेली ती एक ओळ, जिच्यात कण्हाचा शिष्य बलक याने हे केले एवढेच सांगितले आहे, ती कोणत्याही सनदेइतकी अस्सल आहे, आणि ती राजाची नाही, कारागिराची आहे.

येथवर खंडन झाले. मंडनासाठी उंबरखिंडीपलीकडे जाण्याची गरज नाही. १६६१ च्या फेब्रुवारीत शिवाजी महाराजांनी कारतलबखान उझबेकाला चावणीजवळच्या रानात कोंडून, त्याच्यासोबतच्या रायबागनच्या सल्ल्याने त्याला शरण यावयास लावले, ही खालापूरच्या अभिमानाची घटना आपल्याला कोणी सांगितली? तिचे सविस्तर वर्णन कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’त आहे, जे सदाशिव महादेव दिवेकरांनी शोधून आणले आणि १९२७ साली मंडळाने प्रसिद्ध केले; तिची कोरडी नोंद जेधे शकावलीत आहे, जी लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केली. काव्य स्तुतिपर आहे आणि शकावली रुक्ष आहे. एकाला भूमीचा तपशील ठाऊक आहे, दुसरीला तिथीची काळजी आहे. ही दोन परस्परभिन्न साधने एकमेकांस दुजोरा देतात, म्हणून उंबरखिंड ही इतिहासात आहे. याउलट, खानाच्या फौजेचा आकडा सांगणाऱ्यागणिक फुगत जातो, त्याला असा दुजोरा नाही. नेताजी पालकरांचेही तसेच. १६६७ सालचे त्यांचे सक्तीचे धर्मांतर आणि १६७६ सालचे स्वधर्मात पुनरागमन यांना आधार आहे. ते चौकचे होते ही चौककरांची पिढ्यान्‌पिढ्यांची आठवण आहे, आणि शिरूर तालुक्यातील तांदळीचाही तसाच दावा आहे. आठवण म्हणून ती आदराने नोंदवावी, तिच्यावर उत्सवही करावा, पण तिला पुराव्याच्या जागी बसवू नये, असे म्हणण्याने चौकचा अपमान होत नाही; उलट, उद्या एखादा महजर किंवा वतनपत्र सापडले, तर त्याचे वजन ओळखणारा समाज येथे आहे, अशी त्याने हमी मिळते.

आणि असा कागद सापडण्याची शक्यता कोणी शोधून पाहिली आहे? कर्जत तालुका आणि त्याचा खालापूर पेटा हे १८८२ च्या गॅझेटियरात ठाणे जिल्ह्यात मोडतात. म्हणजे या मुलखाची जुनी महसुली दप्तरे धुंडाळणाऱ्याने कुलाब्याइतकेच ठाण्याच्या रुमालांकडे पाहिले पाहिजे, हे साधे टाचणसुद्धा आमच्या स्मारक समित्यांच्या गावी नसते. घाटातील जकातीचे हिशेब, नाना फडणिसांनी खोपोलीस बांधविलेल्या तलावाचा आणि वीरेश्वराच्या देवळाचा खर्च, कुळांच्या कैफियती, वेठबिगारीच्या तक्रारी यांची तालुकावार सूची करणे, घरोघरचे मोडी कागद मालकाकडेच ठेवून त्यांच्या प्रती घेणे, आणि ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्यांवरील वृद्धांच्या आठवणी सांगणाराचे नाव, गाव आणि तारीख घालून तितक्याच काटेकोरपणे उतरवून ठेवणे, हे काम फलक रंगविण्याहून कमी खर्चाचे आणि पुष्कळ अधिक कष्टाचे आहे. या शेवटच्या कलमातच तिसऱ्या आक्षेपाचे खरे उत्तर आहे: ज्यांनी कागद लिहिला नाही, त्यांच्यासाठी नियम सैल करायचा नसतो, त्यांची साक्ष त्याच नियमाने नोंदवून तिला कागदाची बरोबरी द्यायची असते.

राजवाड्यांची मते नाकारण्याचा अधिकार प्रत्येक पिढीला आहे, आणि आमच्या पिढीने तो बजावलाही आहे. पण दाखल्यावाचून विधान करणार नाही आणि प्रतिकूल दाखला लपविणार नाही, ही त्यांची शिस्त नाकारली, तर त्यांचे पूर्वग्रह खोडून काढण्याचे हत्यारही आपल्या हाती उरत नाही. मग कर्जत-खालापूरचा इतिहास ज्याचा फलक मोठा त्याच्या मालकीचा होईल, आणि ज्या मुक्या माणसांच्या नावाने ही शिस्त झुगारली, त्यांचा फलक सर्वांत लहान असतो.