पुढचा राजा कोण, हे तिला ठाऊक आहे!

समजा, तुमच्या ऑफिसात डझनभर मॅनेजर आहेत. त्यांच्यातला एक जण पुढे एमडी होणार आणि उरलेल्यांची पार वाट लावणार. तो कोण, हे अख्ख्या बिल्डिंगमध्ये फक्त तुम्हाला माहीत आहे. मग लंचला तुम्ही कोणाच्या टेबलावर बसाल? आणि तुमचं मन नेमकं अशा माणसावर बसलं असेल, ज्याची वाट लागणार आहे, तर?

'बू बू जिंग शिन' ही २०११ची चिनी मालिका या एका प्रश्नावर ३५ एपिसोड उभी आहे. नावाचा अर्थ साधारण 'पावलापावलाला काळजात धस्स', इंग्रजीत 'स्कार्लेट हार्ट'. तोंग हुआ या लेखिकेची कादंबरी २००५ मध्ये आधी इंटरनेटवर आली आणि तिच्यावरून ही मालिका निघाली. पुढे २०१६ मध्ये कोरियाच्या एसबीएस चॅनलने तिचा रीमेक केला, 'मून लव्हर्स: स्कार्लेट हार्ट र्यो', २० एपिसोड. आपल्याकडे ज्यांना के-ड्रामाचं वेड लागलंय, त्यांच्यातल्या बहुतेकांनी दुसरी बघितलेली असते. पहिली बघितलेला माणूस शोधावा लागतो. म्हणून हा खटाटोप.

गोष्ट दोन्हीकडे वरवर तीच. आजच्या काळातली एक मुलगी अपघातात सापडते आणि डोळे उघडते ते थेट राजवाड्याच्या जमान्यात, दुसऱ्याच मुलीच्या देहात. आजूबाजूला राजपुत्रच राजपुत्र. आठवा समजूतदार, मऊ बोलणारा. चौथा थंड, ज्याच्या वाटेला कोणी जात नाही. ती आधी आठव्याच्या प्रेमात पडते, मग चौथ्याच्या. आणि गादी मिळणार असते चौथ्याला.

फरक कुठे आहे? चिनी मालिकेतल्या मुलीचा इतिहास पक्का आहे. झांग शिआओ, म्हणजे आताची रुओशी, कांगशी बादशहाच्या दरबारात येऊन पडते तेव्हाच तिला माहीत असतं की चौथा मुलगा युंगजंग नावाने १७२२ मध्ये बादशहा होणार आणि आठवा १७२६ मध्ये कैदेत मरणार. चिनी प्रेक्षकालाही हे ठाऊक असतं. पानिपतावरचा सिनेमा बघताना भाऊसाहेबांचं काय होणार हे आपल्याला माहीत असतं ना, तसंच. सस्पेन्स शून्य. तरी हात घट्ट आवळून बसतो, कारण पडद्यावरच्या एकीलाही ते माहीत आहे.

ती बादशहाच्या चहाची व्यवस्था बघणारी दासी होते. कोणाला काय आवडतं ते लक्षात ठेवायचं, कोण कोणाकडे बघून हसलं ते टिपायचं, तोंड बंद ठेवायचं. (तुमच्यातल्या एक्झिक्युटिव्ह असिस्टंटनी इथे मान डोलवायला हरकत नाही.) आठव्यावर तिचं मनापासून प्रेम आहे, म्हणून ती त्याच्यापुढे सरळ अट ठेवते: गादीचा नाद सोड. तो सोडत नाही. ती त्याला सोडते, पण जाता जाता एक काम करते. चौथ्यापासून सांभाळून राहा, असं त्याला सांगून ठेवते.

झालं! त्या एका वाक्याचा हिशोब मालिका पुढे कित्येक एपिसोड काढत बसते. आठवा सावध होतो, चौथ्याविरुद्ध डाव टाकतो. त्यात बळी जातो तेरावा राजपुत्र, रुओशीचा जिवाभावाचा मित्र. चौथ्यावरचा आळ तो आपल्या अंगावर घेतो आणि दहा वर्षं नजरकैदेत काढतो. हे सगळं आपण पेरलं, हे तिला अगदी शेवटाकडे कळतं. जिच्याकडे भविष्याची किल्ली होती, तिनेच ते भविष्य घडवलं. लिऊ शिशीने तिचं मोडून जाणं फारसा आरडाओरडा न करता दाखवलंय, आणि तेच जास्त लागतं.

कोरियन मालिकेने नेमकी ही किल्लीच काढून घेतली. हे सूचा इतिहास कच्चा आहे. ती येऊन पडते सन ९४१ मध्ये, कोरियो घराण्याचा संस्थापक राजा थेजोच्या काळात. ग्वांगजोंग नावाचा एक राजा भावांचं रक्त सांडणार, एवढंच तिला अंधुक आठवतं. तो म्हणजे चौथा राजपुत्र वांग सो, हे तिला कळतं तेव्हा निम्मी गोष्ट होऊन गेलेली असते. त्यामुळे ती काही ठरवत नाही, तिच्यावर सगळं कोसळत राहतं. रुओशी दोषी आहे, हे सू बिचारी आहे. माझी खरी तक्रार ही आहे. आययूचा अभिनय, बॅकग्राउंडचं संगीत, क्लोजअपचा मारा वगैरे भांडणं मला त्यापुढे किरकोळ वाटतात.

अशी 'साफसफाई' आणखी एका ठिकाणी झालीय. चिनी मालिकेत आठव्याच्या बायकांपैकी एक म्हणजे रुओशीची सख्खी मोठी बहीण. म्हणजे ती बहिणीच्या नवऱ्याच्या प्रेमात पडते आणि बहीण त्याच घरात नांदत असते. बघताना अवघडायला होतं, आणि व्हायलाच हवं. कोरियात बहिणीची चुलत बहीण झाली. ती आजारी पडते आणि नवऱ्याला सांभाळ असं हे सूला सांगून वेळेवर मरूनही जाते. रस्ता मोकळा!

पण रीमेकवाल्यांनी नुसती कॉपी मारली, असंही नाही. घराणं हुशारीने निवडलंय. थेजोला २९ राण्या आणि २५ मुलगे. ठिकठिकाणच्या बड्या घराण्यांशी सोयरीक करून त्याने राज्य बांधलं, म्हणजे प्रत्येक राजपुत्राच्या पाठीशी आईच्या माहेरचं सैन्य. भांडण लागायला आणखी काय हवं? शिवाय राजघराण्यात सावत्र बहिणीशी लग्न चालायचं, खऱ्या ग्वांगजोंगची राणी त्याची सावत्र बहीणच होती. यातली क्रूर बाजू मालिकेने बऱ्यापैकी वापरलीय. त्याच ग्वांगजोंगने ९५६ मध्ये अन्यायाने गुलाम केलेल्यांना मोकळं करणारा कायदा आणला, ९५८ मध्ये सरकारी नोकरीसाठी परीक्षा सुरू केल्या. एवढा मसाला हाताशी असून तो पटकन गुंडाळलाय. २० एपिसोडमधले शेवटचे चार-पाच तर लोकल पकडायची असल्यासारखे धावतात.

आणि वांग सोच्या चेहऱ्यावरचा व्रण, तो मात्र कोरियनांचा स्वतःचा. लहानपणी सख्ख्या आईच्याच हातून झालेला. म्हणून तो अर्धा चेहरा मुखवट्याखाली झाकून फिरतो. हे सू मूळची सौंदर्यप्रसाधनं विकणारी. पावसासाठीच्या पूजेला त्याला सगळ्यांसमोर जायचं असतं, तेव्हा ती मेकअपने तो व्रण झाकते. रुओशीने भविष्यातून इतिहासाचं ज्ञान आणलं आणि वाटोळं केलं. हे सूने फाउंडेशन लावायचं कसब आणलं आणि एका माणसाला मान वर करून चालता आलं. त्या दहा मिनिटांत ली जून-गीचे डोळे बघा. चिनी मालिकेतला चौथा, निकी वू, याच्या वाट्याला असा सीन आलेला नाही. त्याच्याकडे वेगळं भांडवल आहे. तो इतकं कमी बोलतो की हो म्हणाला तरी आपण दचकतो. (पडद्यावर ताटातूट झालेल्या निकी वू आणि लिऊ शिशीने २०१५ मध्ये खरोखर लग्न केलं. तेवढाच दिलासा.)

शेवटी दोघीही आजच्या काळात परततात. हे सू एका प्रदर्शनात जुन्या चित्रातला राजा ओळखते आणि उन्मळून रडते. कोणीतरी रुमाल पुढे करतं, पण तो 'तो' नसतो. चिनी मालिकेत समोर खुद्द चौथ्याच्या चेहऱ्याचा माणूस येतो, तिच्याकडे बघतो आणि अनोळखी माणसाकडे बघून निघून जावं तसा निघून जातो. तिच्या डोळ्यांतलं पाणी त्याला कळत नाही.

आता कुठली आधी बघायची? एकच लाँग वीकेंड हाताशी असेल तर कोरियन लावा, रुमाल जवळ ठेवा. पण ऑफिसात अप्रेझलचे दिवस असतील, कोण वर जाणार आणि कोण बाहेर याची कुजबुज चालू असेल, तर रोज रात्री जेवणानंतर एकेक एपिसोड चिनी बघा. दुसऱ्या दिवशी कॉफी मशीनपाशी कोणाला काय सांगायचं, याचा दोनदा विचार कराल.