वहीत न लिहिलेली मजुरी

दिवाळीच्या पाडव्याला निफाडच्या बाजारपेठेत नव्या वह्यांचे पूजन होते. किराणा दुकानदार, कापडवाले, खते-औषधांचे विक्रेते पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक काढतात, 'शुभ-लाभ' लिहितात आणि मनातल्या मनात संकल्प सोडतात : या वर्षी उधारी बंद. जानेवारीत इंग्रजी वर्ष उजाडते, एप्रिलमध्ये सरकारी वर्ष सुरू होते आणि दोन्ही वेळा तोच संकल्प नव्याने होतो. 'आज रोख, उद्या उधार' ही पाटी तेवढी भिंतीवर टिकते.

हा संकल्प मोडतो तो दुकानदाराच्या मनोदौर्बल्यामुळे नव्हे. लासलगाव आणि पिंपळगाव बसवंतच्या बाजार समित्यांत कांद्याला जो भाव निघतो, त्यावर या तालुक्यातील प्रत्येक गल्ला अवलंबून असतो. 2023 च्या डिसेंबरात, लाल कांद्याची आवक वाढत असतानाच, केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. ती बंदी उठली 2024 च्या मे महिन्यात. दरम्यान भाव कोसळले. शेतकऱ्याच्या घरी पैसा आला नाही, म्हणून किराण्याची बाकी फिटली नाही आणि खतांची उधारी पुढच्या हंगामावर गेली. दिल्लीत काढलेल्या एका अधिसूचनेने निफाडच्या दुकानदाराचा संकल्प मोडला. अशा वेळी ओळखीच्या गिऱ्हाइकाला रिकाम्या हाताने परत पाठवणे माणुसकीला धरून नाही आणि धंद्यालाही धरून नाही.

मग छोट्या दुकानदाराने नव्या वर्षी संकल्प करावा तरी कोणता? जो त्याच्या हाती आहे आणि जो त्याने आजवर टाळला आहे तो : वहीत मजुरी लिहिण्याचा.

समजा, एका किराणा दुकानात महिन्याचा सर्व खर्च वजा जाता 18,000 रुपये उरतात. दुकानदार त्याला नफा म्हणतो. परंतु तो स्वतः दिवसाचे चौदा तास गल्ल्यावर बसतो. त्याची पत्नी धान्य निवडणे, पुड्या बांधणे, दुपारचे दुकान सांभाळणे यांत सहा तास घालवते. दोघांचे मिळून महिन्याचे सहाशे तास झाले. म्हणजे तासाला 30 आणि आठ तासांच्या दिवसाला 240 रुपये. एवढ्या रोजावर द्राक्षबागेच्या छाटणीला आज कोणी जाणार नाही. ज्याला नफा म्हटले ती अर्धीमुर्धी मजुरीच आहे. दुकानात गुंतवलेल्या भांडवलाचे व्याज तर अजून धरलेलेच नाही!

हे गणित निफाडला नवे नाही. 1980 च्या नोव्हेंबरात शेतकरी संघटनेच्या आंदोलनात याच तालुक्यात शेतकरी रेल्वेमार्गावर उतरले आणि खेरवाडीला झालेल्या गोळीबारात शेतकऱ्यांचे प्राण गेले. शरद जोशींच्या पुढील अर्थविचाराशी समाजवाद्यांचे तीव्र मतभेद राहिले. पण उत्पादनखर्च मांडताना शेतकऱ्याने स्वतःची आणि घरच्यांची मेहनतही हिशेबात धरली पाहिजे, ही गोष्ट त्या काळात खेड्यापाड्यांत पोचली. केंद्राचा कृषी मूल्य आयोगही खर्च काढताना कुटुंबाच्या श्रमाचे मोल धरतो. शेतकऱ्याने रस्त्यावर येऊन जे शिकून घेतले, ते समोरच्या दुकानातील माणूस मात्र अद्याप शिकलेला नाही. तो स्वतःला मालक समजतो आणि म्हणूनच स्वतःचे शोषण त्याला दिसत नाही.

वहीत पत्नीच्या नावे वेतनाचे पान उघडणे ही केवळ हिशेबाची शिस्त नव्हे. सरकारी पाहण्यांत अशा स्त्रिया 'घरच्या उद्योगातील विनावेतन मदतनीस' ठरतात. घरात त्या 'मदत करतात' एवढेच म्हटले जाते. नाव वहीत आले, की दुकानाच्या निर्णयात त्या नावाचा शब्दही ऐकावा लागेल.

आणि तिसरे पान दुकानातील पोऱ्याचे. येथे दुकानदाराची बाजू घेऊन चालणार नाही. स्वतः पिळला जाणारा माणूस आपल्या हाताखालच्याला पिळतो, हे कटू सत्य आहे. किमान वेतनाचा कायदा 1948 साली झाला. पण दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांना महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने बहुतेक तरतुदींतून वगळले. कायदा जेथे हात आखडतो, तेथे संकल्पाची खरी कसोटी लागते. पोऱ्याला पूर्ण वेतन आणि आठवड्याची भरपगारी सुटी देणार नसेल, तर त्या वहीवरील 'शुभ' कोणाचे?

अशी खरी वही लिहिली, तर अनेक दुकाने तोट्यात दिसतील. दिसू द्यावीत. तोटा दिसल्यावरच एकट्याने न सुटणारा प्रश्न एकत्र सोडवण्याची बुद्धी होते. इंग्लंडमधील रॉचडेल येथे 1844 साली 21 डिसेंबरला काही विणकरांनी एक लहानसे दुकान उघडले. रोखीचा व्यवहार, चोख माल, पुरे माप आणि खरेदीच्या प्रमाणात नफावाटप हे त्यांचे नियम होते. ते नियम टिकले, कारण ते एकट्याचे नव्हते. निफाडच्या दहा-वीस दुकानदारांनी घाऊक माल एकत्र आणला, तरी त्याची सुरुवात होईल.

कार्यकर्त्यांनीही आपली दृष्टी तपासावी. छोट्या दुकानदाराला 'शेटजी' म्हणून मोडीत काढले, की तो बड्या व्यापाऱ्याच्या मागे जाऊन उभा राहतो. त्याच्या वहीशेजारी बसून मजुरीचा आकडा मांडून दाखवला, तर शेतकऱ्याचा भाव, पोऱ्याचे वेतन आणि आपली भाकरी एकाच हिशेबात आहेत, हे त्याला उमगेल. पाडव्याच्या दिवशी पेढा खायला दुकानात जाणाऱ्या कार्यकर्त्याने एवढे तरी विचारावे : शेटजी, या वहीत वहिनींचे पान कोणते?