इकाम्यावरचा एक शब्द

गेल्या आठवड्यात चुलतभावाचा मुलगा पेढे घेऊन आला. "काका, व्हिसा आला." दमामची कंपनी, दोन वर्षांचा करार. पेढा हातात धरूनच मी म्हटलं, पगाराचं नंतर सांग, आधी मेहना दाखव. मेहना म्हणजे धंदा. सौदीत इकाम्यावर, म्हणजे तिथं राहण्याच्या परवान्यावर, तुमच्या नावाबरोबर तो लिहिलेला असतो. पोरगा आयटीआय झालेला फिटर. कागदावर लिहिलं होतं 'आमिल'. आमिल म्हणजे साधा मजूर.

"एजंट बोलला, तिकडे पोचल्यावर बदलून देतात."

हेच वाक्य मी 1995 साली मुंबईत एका जिन्याखालच्या ऑफिसात ऐकलं होतं. बदलून मिळायला मला दहा वर्षं लागली.

सौदीतल्या जुबैलला मी हेल्पर म्हणून उतरलो तेव्हा काम एकच, सळया उचलायच्या. आमच्या यार्डात एक मल्याळी फोरमन होता. दुपारच्या सुट्टीत तो मला जवळ बसवून बीबीएस वाचायला शिकवायचा. बीबीएस म्हणजे कुठल्या बीमला किती जाडीची सळई, किती लांब कापायची, कुठे वाकवायची याचा तक्ता. त्याने शिकवलेला एक हिशेब अजून तोंडपाठ आहे. सळईच्या व्यासाचा वर्ग करा, 162 ने भागा, एक मीटरचं वजन किलोत येतं. 12 एमएमची सळई म्हणजे 888 ग्रॅम. सिमेंटच्या रिकाम्या गोणीच्या कागदावर असे शेकडो हिशेब केले. पाचव्या वर्षी माझ्या हाताखाली चौदा माणसं होती आणि ड्रॉइंग थेट माझ्या हातात येत होतं.

पगार मात्र आमिलचाच. फोरमनचा मागायला गेलो तर साहेब चांगलं बोलला. म्हणाला, काम तुझं फोरमनचंच आहे, पण ग्रेड इकाम्यावर ठरतो. दुसरी कंपनी घ्यायला तयार होती, पण कफीलने, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा त्या मालकाने, तनाझुल द्यायला हवं, म्हणजे आपला माणूस सोडतो असं लिहून द्यायला हवं. त्याने दिलं नाही. पासपोर्टही त्याच्याच कपाटात. शेवटी 2003 साली खुरुज, म्हणजे देश सोडून जायचा शिक्का, घेऊन कायमचा घरी आलो. सतरा नंबरचा फॉर्म भरला आणि एकतिसाव्या वर्षी दहावी पास झालो. मग मुंबईत ट्रेड टेस्ट दिली आणि 2005 साली स्टील फोरमन म्हणून दोह्याला गेलो. माणूस तोच, हात तेच, पगार जवळपास तिप्पट. बदलला होता फक्त कागदावरचा शब्द.

आज परदेशी नोकऱ्यांच्या बातम्या भरपूर येतात. आपल्या राज्याने 2024 साली जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. चांगलं आहे. पण या सगळ्या चर्चेत किती माणसं गेली एवढंच मोजलं जातं. गेलेला माणूस पाच वर्षांनी कोण झाला, हे कुणी विचारत नाही. हेल्पर गेला आणि हेल्परच परत आला, तर त्याला संधी मिळाली असं म्हणायचं का?

आखातात कायदे बदललेत, हे मान्य करायला हवं. कतारने 2020 साली नोकरी बदलण्यासाठी मालकाच्या ना-हरकत पत्राची अट काढली. सौदीने मार्च 2021 पासून एक वर्ष झालेल्या कामगाराला नोटीस देऊन दुसरीकडे जाण्याची वाट दिली. माझ्या वेळी हे असतं तर माझी काही वर्षं वाचली असती. पण सौदीच्या त्या सुधारणेतून घरकामगार, खाजगी ड्रायव्हर, शेतमजूर, गुरं राखणारे वगळले गेले. आमच्याकडची कित्येक पोरं 'हाऊस ड्रायव्हर'च्या व्हिसावर जातात. म्हणजे कायदा तुम्हाला लागू होणार की नाही, तेही मेहनाच ठरवतो.

गंमत अशी की दहावी न झालेल्या माणसाला आखातात जाताना सरकारची इमिग्रेशन मंजुरी लागते, त्यात त्याचा करार निदान कुणीतरी बघतं. माझा पुतण्या शिकलेला, त्याला ती मंजुरी लागत नाही. म्हणून फिटर 'आमिल' होऊन चाललाय हे घरात पेढे आणेपर्यंत कुणाच्याच नजरेला पडलं नाही. एजंटाने मागितले एक लाख वीस हजार. नियमाने नोंदणीकृत एजंटाला तीस हजार आणि त्यावरचा जीएसटी, इतकेच घेता येतात. पैशाइतकंच दुखणं पुढे आहे. कर्ज काढून गेलेला माणूस बढती मागत नाही, ओव्हरटाइम मागतो.

म्हणून माझं मागणं साधं आहे. कामावर शिकलेल्या माणसाची परीक्षा घेऊन त्याला प्रमाणपत्र द्यायची योजना केंद्राच्या कौशल्य विकास कार्यक्रमात आहे. ती परीक्षा तालुक्याच्या आयटीआयमध्ये, सुट्टीवर आलेल्या आणि जाऊ घातलेल्या माणसांसाठी ठरल्या तारखांना घ्या. शिकलेल्या पोराचाही करार कुणीतरी सरकारी माणसाने एकदा वाचावा. आणि जाणाऱ्यांनी पगाराच्या आकड्याआधी धंद्याची ओळ वाचावी. अरबी येत नसेल तर माझ्यासारखा म्हातारा प्रत्येक गावात एखादा तरी आहे.

पुतण्याने व्हिसा परत केला. आगाऊ दिलेले पंधरा हजार एजंटाकडे अडकलेत. पोरगा फिटरच्या ट्रेड टेस्टला बसतोय.

पण हे सगळं त्याला समजावताना मला पडवीत बसलेला आमचा माणूस दिसत होता. नेपाळातला आहे, सात हंगाम माझ्या हापूसच्या बागेत येतोय. रत्नागिरी जिल्ह्यातल्या बागा आज अशाच माणसांवर उभ्या आहेत. त्याला आम्ही राखणदार म्हणतो. पण तो आंबे काढायची घळ घेऊन झाडावर चढतो, तयार फळ नजरेने ओळखतो, फवारणीचं औषध मोजून कालवतो, पेटीत कुठला आंबा कुठल्या थरात बसेल हे माझ्याआधी सांगतो. मजुरी मात्र राखणदाराची. 1950 च्या भारत-नेपाळ तहामुळे त्याला इथं यायला व्हिसा लागत नाही, इकामा लागत नाही. तरी त्याच्या नावापुढे 'आमिल' लिहिलंच गेलं, आणि ते मीच लिहिलं.

या वर्षी त्याची मजुरी वाढवली. जूनमध्ये तो गावी जाईल तेव्हा त्याच्या हातात एक कागद देणार आहे: हा माणूस फवारणी, काढणी, प्रतवारी आणि पॅकिंग स्वतःच्या जबाबदारीवर करतो, खाली माझी सही आणि फोन नंबर. बागायतदारांनो, तुमच्या पडवीतल्या माणसाला काय काय येतं, ते एकदा लिहून काढा. आणि मजुरी त्या यादीप्रमाणे द्या.