साखळी काढा, पट्टा चढवा
बेल्ह्याच्या बाजारात बैलाचं वय दात बघून ओळखतात. जुन्या मोटरसायकलची तब्येत अंधार पडल्यावर हेडलाइट बघून कळते. बीएसए ए-१० घ्या. १९५० च्या दशकातली, ६५० सीसीची विलायती गाडी. दिव्याला वीज पुरवणारा डायनामो ल्युकासचा, ६ व्होल्टचा, जेमतेम ६० वॅटचा. तो फिरवते टायमिंग कव्हरच्या आतली बारीक साखळी. ती सैल झाली की खडखड, ग्रीस वाळलं की झीज. म्हणून हौशी मंडळी तिच्या जागी दातेरी पट्टा बसवतात. आवाज कमी, ग्रीसची कटकट नाही. पण खरी गोम पुढे आहे. पट्टा कोरडा राहायला हवा आणि आतल्या गिअरकडचं तेल तर बुशमधून झिरपत येतं. म्हणजे आधी ऑइल सील बघा. मग दोन्ही पुल्या एका रेषेत आणा. ताण द्यायला डायनामोच क्लॅम्प सैल करून फिरवायचा, कारण त्याचा शाफ्ट मध्यावर नसतो, जरा बाजूला असतो. गिरणीच्या पट्ट्यासारखा करकचून ताणलात तर डायनामोचं बेअरिंग गेलंच म्हणून समजा. बोटाने दाबल्यावर पट्टा थोडा लवला पाहिजे. आणि डायनामोचेच ब्रश झिजलेले, कम्युटेटर काळाठिक्कर, तर पट्टा बिचारा काय करणार! जुन्या जावा-येझदीवाल्यांनी यात पडूच नये; त्यांचा डायनामो थेट क्रँकवरच असतो. काढलेली साखळी आणि स्प्रॉकेट मात्र भंगारात देऊ नका, तेल लावून डब्यात ठेवा. पुढच्या गिऱ्हाइकाला गाडी मूळ रूपातच हवी असेल.