‘सेपरेट’ : कोणी कोणाला केले?



‘सेपरेट’ हा इंग्रजी शब्द आता मराठीत कायमचा मुक्कामाला आला आहे. सासूपासून चूल वेगळी मांडली तरी सेपरेट, मारहाणीला कंटाळून बाई स्वतः बाहेर पडली तरी सेपरेट, आणि नवऱ्याने रात्री मुलांसकट घराबाहेर काढली तरीही सेपरेटच! सल्ला केंद्रात नाव-गाव विचारून झाले की “आम्ही सेपरेट राहतो” हे वाक्य मी रोज ऐकते.

बायकांना हा शब्द जवळचा वाटतो, यात नवल नाही. आपल्या भाषेने त्यांच्यासाठी काय ठेवले? टाकलेली, सोडलेली. ‘तो नांदवत नाही’ याचेही लोक ‘ती नांदत नाही’ करतात आणि दोष तिच्या पदरात घालतात. १९८८ साली संगमनेरला समता आंदोलनाने परित्यक्ता परिषद घेतली आणि या बायकांचे दुःख हा सामाजिक प्रश्न आहे, हे ठणकावून सांगितले. ‘सेपरेट’ या शब्दात तो अपमान नाही, हे खरेच. पण कोणी कोणाला वेगळे केले, हेही त्यात नाही.

कायद्यात मात्र सारे त्यावरच अवलंबून असते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १० खाली न्यायालयाने विभक्त राहण्याचा हुकूम दिला, तरी लग्न कायम राहते. दोघांनाही दुसरे लग्न करता येत नाही. सबळ कारणाशिवाय जोडीदाराला सलग दोन वर्षे टाकून देणे, हे त्याच कायद्यात घटस्फोटाचे कारण आहे. आणि पोटगीचे जुने कलम १२५, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झाले, ते सांगते की नवरा-बायको परस्पर संमतीने वेगळे राहत असतील तर पत्नीला पोटगी मिळणार नाही.

म्हणून नातेवाईक किंवा पंच मध्ये पडून स्टॅम्पपेपरवर ‘आम्ही राजीखुशीने सेपरेट राहत आहोत’ असे लिहून घेतात, तेव्हा सावध व्हायला हवे. त्या कागदाने लग्न मोडत नाही, पण पोटगीच्या दाव्यात नवऱ्याचा वकील तोच कागद पुढे करतो. संमती नव्हती, हे सिद्ध करत बसण्याची पाळी मग बाईवर येते.

२०११ च्या जनगणनेत देशातल्या विभक्त स्त्रियांची संख्या घटस्फोटितांच्या दुपटीहून जास्त भरली. इतक्या जणी लग्न आहे आणि संसार नाही अशा अवस्थेत दिवस काढत होत्या.

कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे, केसपेपरवर ‘सेपरेट’ एवढेच लिहून थांबू नका. कोणत्या तारखेपासून? घर कोणी सोडले, की सोडायला लावले? त्याआधी काय घडले? परत नेण्यासाठी कोणी आले का? मुले आणि स्त्रीधन कोणाकडे आहे? कशावर सही घेतली का? बाई तिच्या सोयीचा शब्द वापरील, तो तिचा हक्क आहे. आपल्या नोंदीत मात्र पूर्ण हकिगत हवी.