आजीचे लग्न २०९८ साली!

भाऊबीजेला आम्ही दरवर्षी अमरावतीहून अकोल्याला जातो. बडनेऱ्याला गाडीत बसायला जागा मिळाली, की निम्मी भाऊबीज साजरी झाली असे आम्ही मानतो. यंदा ताईने पाट मांडला, निरांजन लावले, पण भाची काही खोलीतून बाहेर येईना.

"काय करून राहिली ही पोरगी?" आम्ही विचारले.

"नोकरी!" ताई म्हणाली.

भाची पुण्याला एका कंपनीत आहे. संगणकावर फायली ठेवण्याच्या व्यवस्थेत एका सहकाऱ्याने बदल लिहिला होता. तो ओळ न् ओळ तपासून संमती द्यायचे काम हिचे. सगळ्यांना सुट्टीची घाई, आणि ही अडून बसलेली.

वाचकहो, प्रत्येक फायलीवर तारीख असते. संगणक ती १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत मोजतो. जुन्या व्यवस्थेत या आकड्याला घरे फक्त ३२. १९ जानेवारी २०३८ला आपल्याकडे सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद झाले, की ती भरली. पुढच्याच सेकंदाला तारीख जाते थेट डिसेंबर १९०१ मध्ये!

लिनक्समधल्या एक्सएफएस या व्यवस्थेने २०२० साली यावर झकास तोड काढली. सेकंदांना ३२ घरे आणि सेकंदाच्या अंशांना ३२, ही वाटणी मोडून ६४ घरांत एकच मोजणी सुरू केली. जागा तेवढीच, मजल मात्र २४८६ पर्यंत. (वाटण्या मोडून कोणाचा असा फायदा झालेला आम्ही वऱ्हाडात तरी पाहिला नाही.)

सहकाऱ्याची युक्ती स्वस्तातली होती. १९७० पूर्वीच्या तारखा उणे आकड्यांत असतात. त्याने उणे चिन्हाचे घरच मोजणीला जोडून टाकले. म्हणे, १९७० पूर्वीच्या फायली येणार कुठून?

"मामा, ह्या इथून," म्हणत भाचीने आजीच्या लग्नाचा फोटो उघडला. स्कॅन करताना तिने फायलीला लग्नाचीच तारीख दिली होती, मे १९६२. नव्या व्यवस्थेत तीच दिसत होती जून २०९८.

आजी सुपारी कातरत होती. "म्हणजे माझं लग्न अजून व्हायचंच आहे काय वं?"

आम्ही हसलो, भाची हसली नाही. दोन प्रतींपैकी ताजी कोणती, हे तारखेवरून ठरवणारे प्रोग्रॅम असतात. अशी १३६ वर्षे पुढे गेलेली जुनी प्रत ते ताजी समजून ठेवतील आणि खरी ताजी पुसतील. कोणाच्या तरी कचेरीतले दस्तऐवज असे गेले, तर ते कळायलाही वेळ लागेल.

तिने बदल परत पाठवला: जुन्या फायली जुन्याच नियमाने वाचा, नव्यांवर वेगळी खूण करा. मग ओवाळायला आली.

दुरुस्ती रात्री आली. भाचीने आजीचा फोटो पुन्हा उघडला. मे १९६२. तिने संमती दिली, आणि आजीने डबा पुढे केला. त्यात करंज्या दोनच उरल्या होत्या. आम्ही दुसरीकडे पाहू लागलो.